हजेरीपटावरच्या रिकाम्या चौकटी: न्यू जर्सीतल्या हिस्पॅनिक मुलांच्या एका नेतृत्व कार्यक्रमाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मध्य न्यू जर्सीतलं एडिसन मराठी मंडळींना नव्याने सांगायला नको. ओक ट्री रोडवरची दुकानं, गणपती, रविवारची मराठी शाळा, सगळं तिथे आहे. तिथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत अशी गावं लागतात जिथल्या पाट्या स्पॅनिशमध्ये आहेत, बेकरीत पान दुल्से हा गोड पाव मिळतो आणि पगाराच्या दिवशी घरी पैसे पाठवायच्या दुकानाबाहेर रांग असते. या पट्ट्यातली बरीच कुटुंबं मेक्सिकोच्या वाहाका राज्यातून आलेली आहेत. शिवाय होंडुरास, ग्वाटेमाला, डोमिनिकन रिपब्लिक इथली. वाहाकाच्या काही घरांत आईवडिलांची मायबोली स्पॅनिशही नाही, ती मिश्तेको किंवा सापोतेको आहे. हा तपशील पुढे लागणार आहे.

अशाच एका गावातल्या हायस्कूलमध्ये एक सेवाभावी संस्था शाळा सुटल्यावर हिस्पॅनिक मुलामुलींसाठी नेतृत्व आणि जीवनकौशल्यांचा कार्यक्रम चालवते. पैशाचा मोठा हिस्सा 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी कम्युनिटी लर्निंग सेंटर्स' या केंद्रीय योजनेतून येतो. १९९४ च्या कायद्यातून सुरू झालेली ही योजना आता देशभरात वर्षाला साधारण १३० कोटी डॉलर वाटते; पैसे राज्याच्या शिक्षण खात्यामार्फत मिळतात आणि त्याबदल्यात किती मुलं किती तास आली याचा हिशेब द्यावा लागतो. कार्यक्रमाचं बाहेरून मूल्यमापन करायला जे दोघं नेमले होते त्यातली एक मी. गाव, शाळा आणि संस्था यांची नावं इथे दिलेली नाहीत, आणि मुलं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत.

संस्थेच्या मूळ अर्जात एक गृहीतक होतं: हिस्पॅनिक मुलं शाळा सोडतात, त्यांना ध्येय दिसत नाही, म्हणून ध्येय दाखवा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी या वाक्याला आकड्यांचा आधार तरी होता. २०१० मध्ये देशातल्या १६ ते २४ वयाच्या हिस्पॅनिक मुलांपैकी सुमारे १७ टक्के शाळा अर्धवट सोडलेले होते. २०२२ पर्यंत तो आकडा ८ टक्क्यांच्या आसपास आला. मुलं शाळेत टिकायला लागली, पण अर्जांची भाषा तीच राहिली.

अडचण

२०२३ च्या ऑक्टोबरात तीसेक मुलांनी नाव नोंदवलं. मुली जास्त, मुलगे कमी. सोमवार ते गुरुवार, दुपारी पावणेतीन ते साडेपाच. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत निम्मी उरली. फेब्रुवारीत मी पाहायला गेले तेव्हा खोलीत आठ-दहा जण होते आणि त्यातले तिघं फोनकडे बघत होते.

अभ्यासक्रम विकत घेतलेला, बारा आठवड्यांचा. आयुष्याचं ध्येय लिहा, मासिकांतली चित्रं कापून स्वप्नांचा फलक करा, स्वतःची ओळख तीस सेकंदांत करून द्या, वर्गासमोर उभं राहून बोला. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण त्या दिवशी शिकवणाऱ्या तरुणाने "तुम्ही कोणाचं नेतृत्व करता?" असं विचारल्यावर खोलीत कोणी हातच वर केला नाही, आणि तो प्रश्न तसाच सोडून तो पुढच्या पानाकडे वळला.

समन्वयक बाई प्वेर्तो रिकोच्या, याच काउंटीत वाढलेल्या, कामसू. त्यांच्यावर आकड्यांचा दबाव होता. हजेरी अशीच राहिली तर पुढच्या वर्षीच्या निधीवर प्रश्नचिन्ह लागलं असतं. शाळेतल्या काही शिक्षकांनी निदान आधीच करून ठेवलं होतं: या मुलांच्या आईवडिलांना शिक्षणाचं महत्त्व नाही. असं वाक्य शिक्षकांच्या खोलीत कुठल्याही देशात ऐकू येतं, आणि ते बहुधा अशाच लोकांबद्दल असतं ज्यांना कोणी विचारायला गेलेलं नसतं.

समोर असलेले पर्याय

मार्चच्या बैठकीत चार गोष्टी टेबलावर आल्या.

पहिली म्हणजे शिस्त. तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. यात हजेरीची टक्केवारी सुधारते, कारण छेदच लहान होतो.

दुसरी जास्त मोहात पाडणारी होती. ज्यांना येणं जमतं अशी मुलं घ्या. शाळेत चांगल्या गुणांची, क्लबांमध्ये रमणारी, घरी गाडी असलेली मुलं होती. त्यातली काही हिस्पॅनिकही होती. खोली भरली असती, अहवाल देखणा झाला असता आणि कोणीही तक्रार केली नसती. मला विचाराल तर असे बरेचसे कार्यक्रम शेवटी याच वाटेने जातात आणि ज्यांच्यासाठी सुरू झाले त्यांच्याखेरीज सगळ्यांच्या कामी येतात.

तिसरा पर्याय वेळ बदलण्याचा. संध्याकाळी घ्यावं तर शाळेची उशिराची बस साडेपाचला सुटते, त्यानंतर मुलींना घरी कोण सोडणार? शनिवारी घ्यावं तर निम्मी मुलं कामावर.

चौथा पैशाचा. या वयात वेळ म्हणजे मिळकत. मग येणाऱ्यांना काहीतरी द्या. संस्थेच्या हिशेबनीसाने लगेच हात वर केला. पगार म्हणून दिला तर नोकरीची कागदपत्रं भरून घ्यावी लागतात, आणि ती भरून घेणं म्हणजे या देशात काम करायची परवानगी आहे का, हे एका पंधरा वर्षांच्या मुलीला विचारणं. सरकारी शाळा हा प्रश्न विचारत नाहीत. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही शाळेत घेणं बंधनकारक केलं, तेव्हापासून शाळेचं दार हे त्या अर्थाने सुरक्षित राहिलं आहे. कार्यक्रमाने तो प्रश्न मागच्या दाराने आत आणावा का? बैठकीत यावर एकमत झालं: नाही.

बाकी काहीच ठरलं नाही. मला वाटतं, न ठरणं हेच त्या दिवसाचं चांगलं काम होतं. समन्वयक बाई म्हणाल्या, "आधी मुलांनाच विचारते. पण फॉर्म देऊन नाही विचारणार."

विचारलं तेव्हा काय दिसलं

त्यांनी एक साधा कागद छापला. आठवड्याचे सात रकाने, दुपारी दोनपासून रात्री बारापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी. प्रत्येक चौकटीत तेव्हा काय करत होतात एवढंच लिहायचं. येणं सोडलेल्या मुलांनाही गाठून कागद दिले. शाळेच्या कार्यालयातल्या स्पॅनिश बोलणाऱ्या बाईंची यात फार मदत झाली. कोण कुठल्या बसने जातं हे त्यांना तोंडपाठ होतं.

दहावीतल्या एका मुलीचा कागद माझ्या लक्षात राहिला. २:३० शाळा सुटली. ३:०० धाकट्या भावाच्या शाळेचं गेट. ३:३० घर, त्याला खायला दिलं. त्याच चौकटीत बारीक अक्षरात: आई निघाली. आई टर्नपाइकच्या, म्हणजे राज्यातल्या टोलच्या महामार्गाच्या, ८-ए एक्झिटजवळच्या गोदामात दुसऱ्या पाळीला जाते. कामगार पुरवणाऱ्या एजन्सीची व्हॅन कोपऱ्यावर येते आणि थांबत नाही. पुढे भावाचा गृहपाठ, कपडे, आंघोळ. मंगळवारच्या रकान्याच्या वर, चौकटींबाहेर, वेगळंच: सकाळचे दोन तास बुडवून आईबरोबर दवाखाना. रात्री दहाला वडील रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरातून परत. तिचा स्वतःचा अभ्यास साडेदहाच्या चौकटीत सुरू होत होता. कागदाच्या तळाशी प्रश्न होता, घरी तू कोणती जबाबदारी उचलतेस? तिने लिहिलं होतं: नादा. काही नाही.

वीसेक कागदांमध्ये कमी-अधिक हेच होतं. मुलींच्या दुपारी धाकट्या भावंडांच्या, मुलग्यांच्या कामाच्या. सोळा-सतरा वर्षांचे मुलगे लँडस्केपिंगच्या ट्रकवर किंवा पिझ्झाच्या दुकानात. न्यू जर्सीत शाळा चालू असताना सोळाच्या आतल्या मुलांना दिवसाला ३ आणि आठवड्याला १८ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सोळा-सतराच्यांना आठवड्याला ४० तासांपर्यंत मुभा आहे. मुलग्यांपैकी कोणालाच हे आकडे माहीत नव्हते, आणि दोघं-तिघं त्यांच्या वर गेलेले होते.

म्हणजे आळस, अनास्था, ध्येयाचा अभाव यांपैकी काही नव्हतं. पावणेतीनची वेळच अशी होती की त्या वेळी ही मुलं कोणाच्या तरी घरची सगळ्यांत मोठी माणसं होती.

काय केलं

एप्रिलपासून भावंडांना परवानगी दिली. शेजारची खोली उघडली. प्राथमिक शाळेतली मुलं तिथे येऊन खाऊ खातील, गृहपाठ करतील. मुली भावाला गेटवर घेऊन परत शाळेत येईपर्यंत सव्वातीन व्हायचे, म्हणून सुरुवातच साडेतीनला केली. चार दिवसांचे दोन दिवस केले. कागदोपत्री तास कमी झाले. निधीच्या अटींत ते बसवायला समन्वयक बाईंना राज्याच्या खात्याशी बरीच पत्रापत्री करावी लागली.

विकतचा अभ्यासक्रम बाजूला ठेवला. त्याऐवजी मुलांच्या कागदांवर जे दिसलं होतं तेच शिकवायला घेतलं. पगाराची पावती वाचणं. किमान वेतन किती (न्यू जर्सीत २०२४ मध्ये ते ताशी १५.१३ डॉलर होतं), कपात कसली, टिप कोणाची. अर्धवेळ काम करणाऱ्यालाही दर तीस तासांमागे एक तास पगारी आजारपणाची रजा मिळते, हा २०१८ चा राज्याचा कायदा. दवाखान्यात फोन करून वेळ कशी घ्यायची आणि दुभाष्या द्या असं ठामपणे कसं मागायचं. कॉलेजचा अर्ज. कागदपत्रं नसलेल्या पण न्यू जर्सीतच हायस्कूल केलेल्या मुलांना २०१३ च्या कायद्याने सरकारी कॉलेजांत राज्याच्या रहिवाशांची फी लागते आणि २०१८ पासून राज्याची आर्थिक मदतही मागता येते. हे खोलीत सर्वांनाच सांगितलं जायचं, म्हणजे कोणाला वेगळं उभं राहावं लागायचं नाही.

अर्जावरून एक मजेशीर दुपार झाली. कॉमन ॲप या, अनेक कॉलेजांना एकत्र करता येणाऱ्या अर्जात विद्यार्थ्याने शाळेबाहेर काय केलं ते लिहायला दहा जागा असतात. आमच्या एडिसनमधल्या मराठी घरांत त्या दहा जागा नववीपासूनच भरायला घेतात: डिबेट, रोबोटिक्स, भरतनाट्यम्, ढोलपथक. इथल्या मुलींनी दोन लिहिल्या आणि थांबल्या. त्या अर्जातल्या प्रकारांच्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा प्रकार आहे आणि 'पगारी काम' असाही, हे दाखवल्यावर त्यांचा विश्वास बसेना. "हे पण धरतात?" एकीने दोनदा विचारलं.

तिनेच मग एक वही आणली. मागच्या वर्षीच्या तिच्या किन्सेअन्येराची, म्हणजे मुलीला पंधरा पूर्ण होतात तेव्हाच्या मोठ्या समारंभाची. या समारंभाचा खर्च पाद्रिनो, म्हणजे नात्यागोत्यातले पुरस्कर्ते, वाटून घेतात: एक जोडपं केक देतं, दुसरं हॉल, तिसरं मुकुट, आपल्याकडे लग्नात पंगत मामाची आणि वाजंत्री काकांची असं ठरतं तसंच. वहीत पस्तीसेक नावं होती, कोणाला केव्हा फोन केला, कोणी हो म्हटलं, कोण टाळतोय, हॉलवाल्याला किती बयाणा दिला. आईवडिलांना फोन करायला वेळ नव्हता म्हणून सगळं तिने केलं होतं. तीस सेकंदांची ओळख करून देताना फेब्रुवारीत हीच मुलगी रडवेली झाली होती.

कठीण ठरलेला निर्णय: दुभाषेपण

मे महिन्यात शाळेकडून विचारणा आली. पालकसभेच्या संध्याकाळी तुमची दोन भाषा बोलणारी मुलं दुभाषी म्हणून द्याल का? त्यांना समाजसेवेचे तास मिळतील. वरवर पाहता सोन्यासारखी संधी. कौशल्य आहे, गरज आहे, प्रमाणपत्र आहे. समन्वयक बाईंनी होकार दिला.

त्या संध्याकाळी एका अकरावीतल्या मुलीला, तिच्याच वर्गातला मुलगा गणितात नापास होतोय, हे त्या मुलाच्या आईला सांगावं लागलं. मुलगा शेजारी बसलेला. शिक्षक इंग्रजीत म्हणाले, तो प्रयत्नच करत नाही. मुलीने आईला स्पॅनिशमध्ये जे सांगितलं ते बरंच मऊ होतं. आई वाहाकाची; तिला स्पॅनिशही जेमतेम. ती मान हलवत राहिली. बाहेर आल्यावर मुलगी समन्वयक बाईंना म्हणाली, "मी खोटं बोलले का?"

यावर पुढच्या बैठकीत खरी वादावादी झाली. एक बाजू म्हणत होती, मुलं हे घरी करतातच. त्यांना नीट प्रशिक्षण द्या, मानधन द्या, हेच त्यांचं नेतृत्व. मला यात तथ्य वाटत होतं आणि अजूनही थोडंसं वाटतं. दुसरी बाजू म्हणाली, घरी करावं लागतं म्हणूनच इथे करायला लावू नका. कायदाही दुसऱ्या बाजूचा होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या विभागाखाली पालकांना समजेल अशा भाषेत माहिती देणं ही शाळेची जबाबदारी ठरते, आणि केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक पत्रात दुभाष्याचं काम विद्यार्थी किंवा भावंडांवर टाकू नये असं स्पष्ट म्हटलेलं होतं.

ठरलं ते असं. दुभाषी म्हणून मुलं द्यायची नाहीत. पण हा प्रश्नच मुलांपुढे ठेवायचा. मुलांनी शाळा मंडळाच्या जाहीर सभेत बोलायचं ठरवलं. अशा सभेत नागरिकांना ठरावीक मिनिटं मिळतात. तिघींनी ती वाटून घेतली. मागणी एकच होती: फोनवरचा दुभाष्या सगळ्या पालकसभांना द्या, आणि मिश्तेको बोलणाऱ्यांची आधी नोंद घ्या म्हणजे त्यांच्यासाठी माणूस शोधता येईल. किन्सेअन्येराची वही आणणारी ती मुलगी बोलली. तिचे हात थरथरत होते, कागद तिने पोडियमवर दाबून धरला होता. मंडळाने ऐकून घेतलं आणि आभार मानले. शरद ऋतूतल्या पालकसभेला प्रत्येक टेबलावर दुभाष्याच्या सेवेचा नंबर छापलेलं कार्ड होतं. मिश्तेकोसाठी आधी वेळ घ्यावी लागते, आणि ती मिळेलच असं नाही.

निष्पत्ती

२०२४ च्या शरद ऋतूत वीसच्या आसपास मुलं नियमित येत होती, जवळजवळ सगळ्या मुली. मुलगे परतले नाहीत. त्यांच्यासाठी आम्ही काही केलंच नव्हतं. त्यांची दुपार विकली गेलेली होती आणि छोट्यामोठ्या मानधनाने ती परत विकत घेता येणार नव्हती.

निधीसाठी जी प्रश्नावली भरून घ्यावी लागते तिच्यातले 'नेतृत्वाचे' गुण मात्र हलले नाहीत. त्यात प्रश्न असे: मला वर्गासमोर बोलायला आवडतं, माझं आयुष्याचं ध्येय स्पष्ट आहे. शाळा मंडळापुढे बोलून आलेल्या मुलीनेही पहिल्या प्रश्नावर 'अजिबात नाही'ला खूण केली होती. मी अहवालात आकडे जसेच्या तसे दिले आणि प्रश्नावली बदलण्याची शिफारस वेगळ्या पानावर केली.

मग २०२५ चा जानेवारी आला. शाळा, चर्च, दवाखाने अशा ठिकाणी स्थलांतर खात्याने सहसा कारवाई करू नये हे आधीचं केंद्रीय धोरण रद्द झालं. पुढच्या आठवड्यात खोली निम्मी रिकामी. रटगर्स या राज्याच्या विद्यापीठाची ठरलेली भेट रद्द करावी लागली, कारण बसच्या संमतीपत्रावर पत्ता लिहायला पालक तयार नव्हते. तेव्हा समन्वयक बाईंना ते जुने कागद आठवले. चौकटींत आईची पाळी, वडिलांचं रेस्टॉरंट, व्हॅन कुठे थांबते, सगळं मुलांच्या नावासकट, कार्यालयातल्या कपाटात. कायद्याने कोणी मागितले असते का, मिळाले असते का, यावर वकिलाची वाट न पाहता त्यांनी संस्थेच्या संचालकांना विचारून त्याच दिवशी सगळे फाडले. माझ्याकडे फक्त बेरजा उरल्या. मूल्यमापनाच्या दृष्टीने नुकसान; तरी त्या जागी मीही तेच केलं असतं.

वसंतात काही मुली परतल्या, काही नाहीत. २०२४ चा बदल किती टिकला आणि २०२५ ची घसरण कशामुळे किती, हे आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. जुलैत कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या केंद्रीय योजनेचा पैसा देशभर रोखला गेला, महिना संपायच्या आत सुटल्याची घोषणाही झाली, पण मधल्या काळात समन्वयक बाईंनी दुसरीकडे नोकरी धरली होती. त्यांना घर चालवायचं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

त्या कागदांवर नावं असायलाच नको होती. प्रश्न चांगला होता, पण उत्तरं कोणाची हे कळण्याची गरज नव्हती.

भावंडांची खोली हा सगळ्यांत उपयोगी निर्णय आणि तोच सगळ्यांत अर्धवट. वेगळी बाई नेमायला पैसे नव्हते, म्हणून मोठ्या मुली आळीपाळीने तिथे बसायच्या. म्हणजे घरी भाऊ सांभाळायचा तो इथे येऊन सांभाळायचा, शिवाय इतरांचेही. दोघींनी हे बोलून दाखवलं. बाकीच्यांना त्यात वावगं दिसलं नाही, आणि मला जास्त खटकलं ते हे दुसरं.

पालकांना आम्ही फार उशिरा भेटलो. एप्रिलमध्ये घरोघरी गेल्यावर कळलं की दोन वडिलांचा विरोध कार्यक्रमाला नव्हताच, अंधारात बसस्टॉपपासून घरापर्यंत चालत येण्याला होता. ऑक्टोबरात विचारलं असतं तर हिवाळ्यातली गळती थोडी तरी थांबली असती.

राहिले मुलगे. रविवारी सकाळी गावातल्या मैदानावर त्यांची फुटबॉल लीग असते. सामना संपल्यावर तासभर ते सगळे एकाच जागी असतात. पगाराच्या पावतीचा धडा तिथे घेता येईल असं एका मुलाच्या काकांनी सुचवलं होतं, ते स्वतः पंच आहेत. पुढच्या अर्जात मी दोन नवे खर्च लिहायला सांगितले: लहान मुलांसाठी पगारी बाई आणि रविवारचा हा तास. बाईचा खर्च मंजूर झाला. रविवारच्या तासाबद्दल खात्याने विचारलं आहे की मैदानावर हजेरी कशी घेणार.